कोणी विचारलं तर सावंतवाडीचा

मी परदेशात शिकलो तो मुंबईत, आणि परदेशातली नाताळची सुट्टी काढली ती अंबरनाथला. हे वाक्य मी हल्ली कुणापुढे म्हटलं की लोक हसतात. हसू देत. पंचावन्न साली त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

माझं गाव पोर्तुगीजांच्या गोव्यात, अगदी उत्तर टोकाला. नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे हिंदुस्थान. आमच्या म्हशी सकाळी पोहत परदेशात जायच्या आणि चरून संध्याकाळी परत यायच्या, त्यांना कधी कोणी कागद मागितला नाही. मी मराठी शाळा शिकलो आणि पाद्रीबाबांच्या शिफारशीवर मुंबईच्या कॉलेजात आलो. निघताना आईने एकच गोष्ट बजावली होती, नाताळाला घरी ये. पहिली दोन वर्षं गेलोही. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात सरहद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. पाठोपाठ रस्ता बंद झाला, गाडी बंद झाली, आणि वसतिगृहातल्या त्याच खाटेवर बसल्या बसल्या मी परदेशी ठरलो.

वर्गातली मुलं तशी वाईट नव्हती. जेवताना "ए पोर्तुगीज, मीठ सरकव" असं चालायचं, मीही त्यांना उलट चार ऐकवायचो. गोळीबारानंतर मात्र त्यांनी चिडवणं सोडलं. मीठ हवं असेल तर ती स्वतः उठून घेऊ लागली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

डिसेंबरात वसतिगृह बंद होणार म्हणून फळ्यावर लिहून आलं. मी जाणार कुठे? माझ्या खोलीत राहणारा मुलगा नगरकडचा मराठी ख्रिस्ती, त्याचे आईवडील अंबरनाथला राहायचे. तो म्हणाला, "चल आमच्याकडं. आई करंज्या करते, बाबा प्रार्थना करतात. करंज्या प्रार्थनेपेक्षा लवकर संपतात, एवढं लक्षात ठेव."

 अंबरनाथ स्टेशनाबाहेर पडल्यावर मात्र त्याने सांगितलं की त्याचे वडील सरकारी कामाच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहेत. पहाऱ्यातला कारखाना. तिथं काय बनतं ते घरीसुद्धा बोलायचं नाही अशी शिस्त. "तुझं सगळं त्यांना लिहिलं होतं मी," तो म्हणाला. "आण म्हणाले. पण आई नको म्हणत होती."

घर मोरिवलीच्या वाटेवर होतं, कौलारू चाळीतल्या शेवटच्या दोन खोल्या. मागे मोकळं रान, आणि रानापलीकडे कारखान्याचं तारेचं कुंपण. कुंपणाच्या आत टेकडीवर पहाऱ्याची चौकी. मित्राचे वडील, ज्यांना मी पहिल्या दिवसापासून काका म्हणत आलो, दारातच उभे होते. उंच, कोरडे, नाकावर चष्मा. "सलाम," नगरकडच्या ख्रिस्ती रीतीने म्हणाले. मी वाकून पाया पडायला गेलो तर त्यांनी खांद्याला धरून उभा केला.

"घरून काही?"

"नाही काका. पावसाळ्यापासून पत्र नाही."

"हं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ लेका, इथं कोणी विचारलं तर सावंतवाडीचा सांग. तुमची बोली तशी मिळतीजुळतीच आहे. मी नकाशावर काम करतो. गोव्याचा पाहुणा घरात ठेवलाय हे वर कळलं तर माझी नोकरी राहायची नाही. समजलं?"

मी समजलं म्हणालो. काकू आत चुलीपाशी होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्याच वेळी टेकडीपलीकडून धप्प असा आवाज आला आणि फडताळातल्या कपबशा हलल्या. तिघांपैकी कोणीही मान वर केली नाही. मी विचारणार होतो, मग शिस्त आठवली.

जेवायला बसलो तेव्हा माझी पहिली चूक झाली. आम्ही कॅथलिक, घास घेण्याआधी कपाळ, छाती, खांदे असा क्रूस करतो. हे प्रोटेस्टंट लोक डोळे मिटून प्रार्थना करतात, तीही लांबलचक. माझा क्रूस करून झाला, मी डोळे उघडले, भाताची वाफ गेली, आमटीवर साय धरली, तरी काका अजून आफ्रिकेतल्या भुकेल्या लोकांपाशीच होते. आमेन झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "दाराकडं तोंड करून बसत जाऊ नकोस. हात फिरवलेला बाहेरून दिसतो." थट्टा म्हणून म्हणाले की खरंच, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीकडे तोंड करून जेवू लागलो.

शेजारच्या खोलीत कोकणातले एक गृहस्थ राहायचे. तेही त्याच कारखान्यात, हिशेबखात्यात कारकून. बायको, चार लेकरं, ओटीवर तुळस. दुसऱ्या सकाळी मी दात घासत होतो तर ते जानवं कानाला अडकवून आले.

"खंयचो तू?"

"सावंतवाडीचा."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, आमी वाडयेचेच! वाडीत खंय?"

सावंतवाडीला मी आयुष्यात एकदाच गेलो होतो, तेही गाडी चुकली म्हणून. एक तळं तेवढं आठवत होतं. "तळ्याजवळ," मी म्हटलं.

"तळ्याजवळ," ते म्हणाले. मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहून हसले. "तळ्याजवळ सगळेच रवतत."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, ते मला त्या दिवसांत कळलं. ते ओटीवर तंबाखू मळत बसले की मी मागच्या दाराने जायचो. ते काकांशी कुजबुजले की माझ्याविषयीच असणार. एक सायकलवाला दोनदा चाळीपुढून गेला तर मी मित्राला विचारलं, हा कोण? तो वैतागला. "दूधवाला आहे. तुला काय वेड लागलंय?" दूधवालाच होता. पण पुढे एकदा तो दूध न घेता आला, ते मी मित्राला सांगितलं नाही.

रोज संध्याकाळी काका कारखान्यातून येत, डबा ठेवत, आणि पहिला प्रश्न मला. "घरून काही?" माझ्या नावाचं पत्र त्यांच्या पत्त्यावर येणं शक्य नव्हतं, आणि ते आलं असतं तर त्यांचंच मरण होतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी विचारायचे.

एका संध्याकाळी उत्तर देताना माझा आवाज फुटला. एकोणीस वर्षांचा घोडा मी, आणि परक्याच्या ओसरीवर रडलो. काकूंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.  काका चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, "तुमच्याकडं नाताळाला काय करतात, सांग तरी."

मी सांगितलं. गवत पसरून मांडलेला बाळ येशूचा गोठा, करंज्यांसारख्या नेवऱ्या, मातीच्या घुमटांचा ताल, आणि नकेत्र. नकेत्र म्हणजे चांदणी, आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, माणसाएवढी करतात. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आत दिवा, आणि उंच वेळूच्या टोकाला कप्पी लावून दोरीने वर चढवायची. नाताळच्या आदल्या सांजेला पहिल्यांदा चढवताना ती तीनदा खाली आणून तीनदा वर न्यायची, बाळ येशूकडे आलेल्या तिन्ही राजांच्या मानाची. मग नदीपलीकडच्या वाड्यावरचे आमचे सोयरे त्यांची चांदणी तशीच तीनदा हलवतात. त्यांनी उत्तर दिलं की आई म्हणते, चला, आता नाताळ लागला.

काकांनी ऐकता ऐकताच पेन्सिल काढली होती. "टोकाचा कोन किती?" त्यांनी विचारलं.

काकू आतून म्हणाल्या, "नगरकडं असलं काही नसतं. आपण दाराला कंदील लावतो तेवढा पुरे."

"कंदील लाव की. चांदणीही होईल." कंपासपेटी आलीसुद्धा. "करायची तर नीट करायची."

तो माणूस एरवी चार शब्द बोलायचा नाही, पण काम समोर आलं की त्याला भान राहायचं नाही. मी दोनदा म्हटलं की राहू द्या काका, घरात टांगू लहानशी. ते म्हणाले, "चांदणी घरात टांगतात होय? मग येशूला शोधणाऱ्या मागी लोकांना दिसली कशी?" शास्त्रातला दाखला आला की त्या घरात वाद संपायचा.

कागद आणायला आम्ही दोघं मित्र उल्हासनगरला गेलो, कॅम्प नंबर तीनमध्ये. लढाईच्या वेळच्या सैनिकी बराकी, त्यांत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं, आणि प्रत्येक बराकीच्या तोंडाशी एक दुकान. पापड, लोणचं, गोळ्या, शिवणाची मशीनं. कागदाच्या दुकानात एक म्हातारा सिंधी बसला होता. लाल, पांढरा, पिवळा कागद त्याने काढून दिला.

"ईसाई हो? कहाँ के?"

"सावंतवाडी," मित्रच माझ्या आधी बोलला.

"त्योहार पर घर नहीं गए?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "रास्ता खुलेगा तब जाऊँगा."

मित्राने माझ्या पायावर पाय दिला. सावंतवाडीचा रस्ता कधी बंद झाला होता? म्हाताऱ्याने कागदाची गुंडाळी करता करता हात थांबवला. त्याने आमच्या दोघांकडे बघितलं आणि मग हळूच म्हणाला, "हाँ साईं. हम भी यही बोले थे. पड़ोसी को चाबी देके आए, बोले थोड़े दिन घर देखना." त्याने दोन कागद वर घातले आणि पैसे घ्यायला नकार दिला. बाहेर आल्यावर मित्र माझ्यावर उखडला. मी त्याचं ऐकत होतो, पण डोक्यात ती चावी होती. आमच्या घराला कुलूपच नव्हतं, कधी लागलंच नव्हतं.

वेळू बदलापूरला मिळाला. कुळगावात काकांच्या ओळखीचा एक शेतकरी होता, त्याच्या बांधावर बेट होतं. रविवारची उपासना आटोपून काका आम्हाला घेऊन गेले आणि बेटातला सगळ्यात उंच वेळू बोटाने दाखवला. शेतकऱ्याने कोयता खांद्यावर टाकला आणि वर बघून हसला.

"एवरा उंच कशाला पायजे सायब? कारखान्यान वाकून बगाचा हाय का?"

काका हसले. मित्र हसला. मी हसण्याचा प्रयत्न केला. येताना वेळू आम्ही तिघांनी खांद्यावर घेऊन रुळांच्या कडेने आणला, आणि वाटेत जो भेटला त्याने विचारलं, हे काय? काका प्रत्येकाला थांबून नीट समजावून सांगत होते. कारखान्यातले पाचसहा जण तरी भेटले असतील.

चांदणी झाली ती अशी की आमच्या गावच्या कुठल्याही सुताराने हात जोडावेत. पाचही टोकं सारखी, कागदाला सुरकुती नाही, आत रॉकेलचा लहान दिवा ठेवायला पत्र्याची बैठक. काकूसुद्धा कौतुकाने बघत होत्या, पण त्यांनी एकदा विचारलंच, "अहो, फार उंच नाही का होत? चौकीवरून दिसेल."

"दिसू दे की. सण आहे. पहारेकऱ्यालाही बघायला मिळेल."

नाताळच्या आदल्या सांजेला दिवस मावळता मावळता आम्ही वेळू मागच्या रानात पुरला. चाळीतली पोरं जमली. शेजारचे गृहस्थ ओटीवरून खाली उतरून आले, हात मागे बांधून उभे राहिले. मित्राने दिवा लावला. दोरी माझ्या हातात देतील असं मला वाटलं होतं, पण काकांनीच ती धरली. त्यांना हौस आवरेना. चांदणी सर्रकन वर गेली आणि कौलांच्या वर, झाडांच्या वर, एकटीच लाल होऊन राहिली. मला इतका आनंद झाला की पोटात दुखलं.

"आता तीनदा, नाही का?" काका म्हणाले.

त्यांनी ती खाली आणली, वर नेली. खाली आणली, वर नेली. तिसऱ्यांदा वर जाताना पोरांनी टाळ्या पिटल्या. माझी नजर मात्र सवयीने समोर गेली. आमच्या गावी समोर नदी असते आणि नदीपलीकडे सोयऱ्यांचा वाडा. इथं समोर कुंपण होतं, कुंपणामागे टेकडी.

आणि टेकडीवरून उत्तर आलं. पहाऱ्याच्या चौकीतला मोठा दिवा लागला, फिरला, आणि झाडांवरून सरकत आमच्यावर येऊन थांबला. पोरांना वाटलं, तीही गंमतच. ती आणखी जोरात ओरडली. त्या पांढऱ्या उजेडात काका दोरी धरून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरताना मी पाहिलं. आपण काय केलं ते त्यांना त्या क्षणी कळलं. मलाही कळलं.

"आत चला," काकू म्हणाल्या. बस, एवढंच.

चांदणी उतरवावी की ठेवावी यावर घरात बोलणं झालं. आता उतरवली तर अपराध्यासारखं दिसेल, असं काका म्हणाले. म्हणून ती जळत राहिली. शुभवर्तमानातला जन्माचा अध्याय वाचताना काकांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त त्यांनी एक ओळ दोनदा वाचली आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

सकाळी आम्ही नवे सदरे घालून उपासनेला निघणार तोच दोघे जण दारात आले. साध्या कपड्यातले पोलीस. एक सडपातळ, तो बोललाच नाही. दुसरा जाडा, हसतमुख, वहाणा बाहेर काढून आत आला. "नाताळच्या शुभेच्छा," म्हणाला. काकूंनी फराळाचं ताट ठेवलं. त्याने करंजी खाल्ली, दुसरी खाल्ली, वा वा केलं, तिसरी उचलली. एवढं वय झालं, पण त्या तिसऱ्या करंजीचा राग माझा अजून गेलेला नाही.

"चांदणी झकास आहे हो. कोणी केली?"

"मी," काका म्हणाले.

"तीनदा वर-खाली झाली म्हणे."

"रीत आहे."

"असं होय." त्याने सदऱ्यावरचा सारणाचा चुरा झटकला. "कोणाची रीत? तुम्ही नगरचे ना? माझी सासुरवाडी नगरची. तिकडच्या ख्रिस्ती लोकांत मी कधी पाहिली नाही."

 आमची म्हणावं तर खोटं, आणि पाहुण्याची म्हणावं तर पाहुणा कुठला, हा प्रश्न येणार. मी भिंतीला टेकून उभा होतो. 

"आमच्या वाडीची रीत ती," दारातून आवाज आला.

शेजारचे गृहस्थ होते. हातात झाकलेली ताटली, सणाचं काहीतरी द्यायला आले असणार. ते आत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा पोरगा आमच्या सावंतवाडीचा. मी ओळखतो ना. तळ्याजवळ घर आहे याचं."

ज्या माणसाला मी आठवडाभर टाळत होतो, तो माझ्यासाठी उभा राहिला होता. त्याने पहिल्याच सकाळी ओळखलं होतं की मी वाडीचा नाही, आणि तरीही.

जाड्याने त्यांच्याकडे वळून आदराने विचारलं, "आपणही कारखान्यातच?"

"हिशेबखात्यात."

"छान. मग आपण एवढं लिहून द्याल? की मुलाला आपण ओळखता, घर पाहिलंय. म्हणजे विषय मिटला." सडपातळ माणसाने कागद पुढे केला.

"देतो की," ते म्हणाले. पण कागदाला हात लावण्याआधी त्यांनी वळून पाहिलं. दारातून त्यांची थोरली मुलगी बघत होती, धाकटं भावंड कडेवर घेऊन.

"थांबा," काका म्हणाले.

ते उठले. काकूंनी त्यांच्या बाहीला हात घातला, तो त्यांनी हलकेच सोडवला. "यांना काही लिहायला लावू नका. यांना काही माहीत नाही. मुलगा गोव्याचा आहे. माझ्या पोराचा मित्र. नाताळाला घरी जाता येत नाही म्हणून मी ठेवून घेतला. सावंतवाडीचा सांग, असं त्याला मीच शिकवलं. दोरी मी ओढली."

"अहो!" काकू ओरडल्या. "तुम्हीच खोटं शिकवलंत आणि आता तुम्हालाच—"

"ते मी माझ्या हिमतीवर शिकवलं," काका म्हणाले. "शेजाऱ्याच्या गळ्यात बांधायला नाही."

जाड्या माणसाचं हसू तसंच राहिलं. त्याने हात धुतले, रुमालाला पुसले. "चला मग, जरा बसून बोलू. मुलालाही घ्या." त्यांनी चांदणीही बरोबर घेतली. काकांनी स्वतः ती उतरवली, हळू, टोक कुठे लागू न देता. टांग्यात ती मावेना, तेव्हा जाड्याने तिची दोन टोकं गुडघ्यावर घेऊन मोडली.

पोलीस चौकीत मला संध्याकाळपर्यंत बसवलं. घर कुठं, बाप काय करतो, पोर्तुगीज येतं का, नदीपलीकडून उत्तर कोण देतं. सोयरे देतात, असं सांगितल्यावर ते एकमेकांकडे बघायचे. मारहाण झाली नाही, कोणी आवाजही चढवला नाही. मुंबई सोडायची नाही आणि दर आठवड्याला तिथल्या चौकीत हजेरी लावायची, अशी ताकीद देऊन मला गाडीत बसवलं. काका तेव्हा आतल्या खोलीत होते. दार बंद होतं. त्यांचा निरोपही घेता आला नाही.

कॉलेज उघडलं तरी मित्र आला नाही. मग एक दिवस आला तो ट्रंक न्यायला. "बाबांना काढलं," तो कपडे भरत म्हणाला. "गुन्हा काही निघाला नाही. पण अशा माणसाच्या हाती नकाशे ठेवता येत नाहीत म्हणाले." मी काही बोलणार तोच तो म्हणाला, "तुझ्यावर राग नाही माझा." हे त्याने ट्रंकेकडे बघत सांगितलं. पुढे तो कुठेशी नोकरीला चिकटला, आणि आयुष्यात पुन्हा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला त्याचं चुकलं असं कधी वाटलं नाही.

पुढच्या डिसेंबरात वसतिगृह पुन्हा बंद झालं. रस्ता उघडला नव्हताच, चौकीतली हजेरी आणि ताकीद तेवढी सुटली होती. वळकटी घेऊन मी कल्याणच्या पुढे गेलो आणि विठ्ठलवाडीला उतरून चालत निघालो. अंबरनाथला जायचं धाडस नव्हतं. कॅम्प तीनमधल्या त्या म्हाताऱ्या सिंध्याकडे एक दिवस पडवीत टेकायला मिळेल का, एवढंच विचारायचं होतं.

दुकानाच्या पायरीशी आलो आणि थबकलो. आत कागदांच्या चळतीमागे काका बसले होते. मांडीवर कामट्या, समोर खळीचं भांडं, दिवाळीतून उरलेले कंदील वर टांगलेले. चौकोनी, गोल, विमानाचे. चांदणी एकही नव्हती. त्यांच्याच हातचे होते सगळे, कागदाला सुरकुती नाही यावरून कळत होतं. केस पार पांढरे झाले होते. म्हातारा गल्ल्यावरून म्हणाला, "मास्टर, कोई आया है."

मागे फिरावं असं वाटलं. पाय उचललाही. तोवर काकांनी चष्मा वर करून पाहिलं.

"घरून काही?" त्यांनी विचारलं.

 मी नुसती मान हलवली, नाही.

त्यांनी खळीचे हात फडक्याला पुसले, कामट्या बाजूला ठेवल्या, चपला शोधल्या. "वसतिगृह बंद झालं असेल. चल. तुझ्या काकूनं कालच विचारलं, यंदा पोरगा कुठं जाईल म्हणून." पायरी उतरून त्यांनी माझी वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मी ओढू लागलो तर सोडेनात.

मग गर्दीतून वाट काढता काढता, मागे न बघता म्हणाले, "आणि हे बघ लेका. आता कोणी विचारलं तर गोव्याचा सांग."

मी हो म्हणालो. घर येईपर्यंत मी वाट बघत होतो, पण कोणीच विचारलं नाही.